पाहुण्याचा 'मी'

31 जानेवारी 2025, शुक्रवार, सकाळचे साडेदहा. दक्षिण लंडनमधल्या एका कोर्टाबाहेरच्या बाकावर बसले होते. ज्या गृहस्थांसाठी मला दुभाषी म्हणून बोलावलं होतं, त्यांचे वकील आत काहीतरी ठरवत होते. तासभर तरी लागेल, असा निरोप आला होता. आमच्या कामात हा तास नेहमी वाट्याला येतो. कुणी विणकाम आणतं, कुणी शब्दकोश चाळतं. मी कानात इअरफोन घातले, कारण त्या दिवशी सिमांडे या लंडनच्या जुन्या बँडचा नवा अल्बम येणार हे मला कितीतरी आठवड्यांपासून माहीत होतं. नाव 'रेनेसन्स'. पुनर्जन्म म्हणा, नवी पालवी म्हणा.

पहिलं गाणं 'चेसिंग अ‍ॅन एम्प्टी ड्रीम'. बेस गिटार सुरू झाली आणि मी ओळखीच्या घरात शिरले. स्टीव्ह सिपिओंचा बेस मी डोळे मिटून ओळखते. तो खाली राहून नुसता ताल धरत नाही, गायकाच्या आधी काहीतरी सांगून मोकळा होतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बोटांत ती चाल अजून आहे, एवढं कळल्यावर खरं तर माझं समाधान झालं होतं. पण मग तिसरं गाणं लागलं, 'ओन्ली वन वे', आणि त्यात सेलेस्ट या तरुण पाहुण्या गायिकेचा आवाज आला. मी बाकावर ताठ बसले.

का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी मराठी, हिंदी आणि गुजरातीची दुभाषी आहे. इंग्लंडच्या कोर्टात दुभाष्याला आधी शपथ घ्यावी लागते, आणि मग साक्षीदार जे बोलेल ते प्रथमपुरुषी सांगायचं असतं. तो 'मी दार उघडलं' म्हणाला, तर मीही 'मी दार उघडलं' म्हणायचं. 'हे म्हणतात की यांनी दार उघडलं' असं चालत नाही. सुरुवातीच्या दिवसांत एकदा माझ्या तोंडून तसं गेलं होतं, आणि न्यायाधीशांनी मला थांबवून वाक्य पुन्हा म्हणायला लावलं होतं. त्याला आता वीस वर्षं झाली. तेव्हापासून मी रोज दुसऱ्यांचा 'मी' बोलते. मारहाण केलेल्यांचा, मार खाल्लेल्यांचा, मुलांचा ताबा मागणाऱ्या आयांचा. त्या 'मी'मध्ये माझं काही घालायचं नाही, त्यातलं काही गाळायचं नाही, आणि तरी आवाज मात्र माझाच असतो. त्याला पर्यायच नाही.

म्हणून कुणाच्या अल्बमवर पाहुणा गायक गातो, तेव्हा माझे कान वेगळ्या कारणाने टवकारतात. दुसऱ्याच्या घरात उभं राहून तो 'मी' म्हणतो. तो 'मी' कुणाचा?

सिमांडेशी माझी ओळख घरासमोर राहणाऱ्या गृहस्थांनी करून दिली. आम्ही दक्षिण लंडनमध्ये, टूटिंग आणि बॅलहॅमच्या सीमेवर राहतो. ते 1962 साली गयानातल्या जॉर्जटाउनहून इकडे आले, टपाल खात्यात नोकरी करून निवृत्त झाले. मी त्यांना काका म्हणते. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी अर्थ विचारला. सांगितल्यावर दोनदा स्वतःशी उच्चारून पाहिला. तेव्हापासून ते फोनवरही 'काका बोलतोय' असंच म्हणतात, तो एकच शब्द मराठीत आणि बाकी सगळं गयानाच्या इंग्रजीत.

2011 सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. माझी किल्ली घरातच राहिली होती आणि नवरा यायला दोन तास होते. काकांनी आत बोलावलं. मी त्या दिवशी एका प्रकरणात सकाळपासून बोलत होते, घसा आणि डोकं दोन्ही रिकामं झालं होतं. ते त्यांना दिसलं असावं. त्यांनी काही विचारलं नाही. कपाटातून एक एलपी काढली, कव्हर हळूच सरकवलं आणि सुई ठेवली. 'डव्ह'. जवळजवळ अकरा मिनिटांची रचना. आधी हातांनी वाजवायचे ढोल, मग पॅट्रिक पॅटरसनची गिटार, अजिबात घाई नसलेली, आणि खालून वर येणारा तो बेस. माणसांचे आवाजही आहेत, पण शब्द नाहीत. दिवसभर शब्दांची ने-आण केलेल्या बाईला त्या क्षणी कुणी याहून मोठं काही देऊ शकलं नसतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काका चहा करायला गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

ती एलपी 1972 ची, बँडचा पहिला अल्बम, नावही 'सिमांडे'च. गंमत अशी की ती काकांना लंडनच्या दुकानात मिळाली नव्हती. ब्रुकलिनमध्ये राहणाऱ्या चुलतभावाने ती पाठवली होती. बँड बॅलहॅमचा आणि रेकॉर्ड आली अमेरिकेहून! काका हे आजही सांगतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो. माझाही चढतो.

सिमांडे 1971 साली दक्षिण लंडनमध्ये उभा राहिला. सिपिओ आणि पॅटरसन लहानपणापासूनचे मित्र, दोघेही गयानात जन्मलेले. बाकीची मंडळी गयाना, जमेका, सेंट व्हिन्सेंट अशा ठिकाणांहून आई-वडिलांबरोबर किंवा त्यांच्या मागोमाग आलेली. इनॉक पॉवेल या ब्रिटिश राजकारण्याने स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं 1968 साली, म्हणजे ही मुलं त्याच वातावरणात मिसरूड फुटण्याच्या वयाची झाली. त्यांनी बँडला नाव दिलं ते कॅलिप्सो या कॅरिबियन गाण्यांतल्या कबुतराशी जोडलेलं. कबुतर म्हणजे शांती. आपल्या संगीताला ते 'न्याह-रॉक' म्हणत. त्यात अमेरिकी कृष्णवर्णीयांचं फंक आणि सोल होतं, जॅझ होतं, कॅलिप्सो होतं, आणि सगळ्याच्या तळाशी रास्ताफारी या जमेकन धर्मपंथाच्या लोकांच्या न्याबिंगी ढोलांचा ठेका होता. हृदयाच्या ठोक्यासारखा, दोन ठोके आणि मग मोकळी जागा. ज्यांना सम आणि खाली यांची सवय आहे त्यांना ती मोकळी जागा लगेच ओळखता येईल. ती रिकामी नसते, तिच्यात पुढचा ठोका भरलेला असतो.

निर्माता जॉन श्रोडर यांना हे लोक योगायोगाने सापडले. ते सोहोतल्या एका तळघरात भलताच बँड ऐकायला गेले होते. तिथे ही मंडळी तालीम करत होती. त्यातून 1972, 1973 आणि 1974 असे ओळीने तीन अल्बम झाले. 'द मेसेज' हे गाणं अमेरिकेच्या याद्यांत शिरलं, सोल गायक अल ग्रीनबरोबर तिकडचा दौरा झाला, न्यूयॉर्कमध्ये हार्लेमच्या अपोलो थिएटरात हे ब्रिटिश कृष्णवर्णीय कलाकार वाजवून आले. अपोलोचे प्रेक्षक कुणाला फुकट टाळ्या देत नाहीत. आणि मग ही माणसं घरी परतली तर लंडनमध्ये सगळं शांत. रेडिओ नाही, मोठ्या जागा नाहीत. आपल्या देशातून सोल संगीत येऊ शकतं आणि ते अमेरिकेच्या नकलेपेक्षा वेगळं असू शकतं, हे इथल्या संगीतधंद्याच्या गळी उतरलंच नाही. तिसऱ्या अल्बमनंतर बँड थांबला.

पुढे सिपिओ आणि पॅटरसन दोघेही वकील झाले आणि कॅरिबियनमध्ये वकिली करू लागले. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी काकांना पुन्हा पुन्हा विचारलं, खरंच? ते म्हणाले, 'पोरांना कुणी वाजवू दिलं नाही, मग त्यांनी भांडायचं रीतसर शिकून घेतलं.' माझ्या मनात ते वाक्य घर करून आहे. कोर्टात रोज वकील बघते. कुणाच्या बोटांत काय थांबून राहिलं आहे, हे त्या काळ्या झग्यावरून कळत नाही.

पण रेकॉर्ड थांबली नव्हती. पहिल्या अल्बमवर 'ब्रा' नावाचं गाणं आहे (ब्रा म्हणजे भाऊ, भावाला मारलेली हाक). त्याच्या मध्यावर सगळे बाजूला होतात आणि बेस, ड्रम्स आणि ढोल उरतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधले डीजे दोन तबकड्यांवर हाच तुकडा पुढेमागे करत लांबवायचे, पोरं त्यावर नाचायची. हिपहॉप ज्या मातीतून उगवलं त्या मातीत हा तुकडा आहे. 1989 मध्ये डे ला सोल या हिपहॉप गटाने 'ब्रा' उचललं, 1996 मध्ये फ्युजीज या दुसऱ्या गटाने 'द स्कोर' या अल्बमसाठी 'डव्ह' उचललं. फ्रान्समध्ये रॅपर एमसी सोलारच्या पहिल्या गाजलेल्या गाण्याखाली 'द मेसेज' वाजतो. स्पाइक लीच्या चित्रपटात सिमांडे ऐकू येतो. कितीजणांनी हा बँड ऐकला आणि त्याचं नाव त्यांना कधी कळलंच नाही!

सॅम्पलिंगबद्दल, म्हणजे जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलून नव्या गाण्यात वापरण्याबद्दल, माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. मला ते आवडतं. डे ला सोलच्या हातात 'ब्रा' खेळकर होतं, ते मूळ गाण्यातही दडलेलं असतंच. पण त्यात मूळ माणूस बोलत नाही, त्याचं वाक्य तोडून नेलेलं असतं. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर, दुभाष्याने साक्षीदाराच्या साक्षीतलं एक वाक्य घेऊन आपलं भाषण करावं तसं. भाषण सुंदर असेल, पण साक्षीदार अजून बाकावर बसलेला असतो आणि त्याला कुणी आत बोलावलेलं नसतं.

दशकानुदशकं सिमांडे त्या बाकावर होता. एकविसाव्या शतकात मंडळी पुन्हा जमली, 2015 मध्ये 'अ सिम्पल अ‍ॅक्ट ऑफ फेथ' हा अल्बम आला. 2022 मध्ये त्यांच्यावर माहितीपट आला, 'गेटिंग इट बॅक', पहिल्या अल्बममधल्याच एका गाण्याचं नाव घेऊन. त्यानंतर बऱ्याच तरुणांना हे नाव कळलं. 'रेनेसन्स' त्या लाटेवर आला आहे, बीएमजीसारख्या मोठ्या कंपनीकडून, बेन बॅप्टी या निर्मात्याबरोबर. म्हणजे काटेकोर बोलायचं तर हे दुसरं पुनरागमन. तरी पहिल्या वेळी सगळी जुनी ओळखीची माणसं स्वागताला होती आणि यावेळी जग होतं, एवढा फरक आहे.

आणि इथेच मला धास्ती होती. पाहुण्यांची नावं आधीच जाहीर झाली होती, सेलेस्ट आणि जॅझी बी. मोठी कंपनी, जुना बँड, नवे आवाज. हे गणित मी पूर्वी पाहिलेलं आहे. अर्थ, विंड अँड फायर या जुन्या अमेरिकी बँडचा 2005 चा 'इल्युमिनेशन' आठवा. विल.आय.अ‍ॅम, राफाएल सादिक, केली रोलंड, ब्रायन मॅकनाइट, बिग बॉय, अगदी केनी जीसुद्धा. मॉरिस व्हाइट आणि फिलिप बेली यांच्या त्या अद्वितीय दोन आवाजांसाठी मी तो विकत घेतला आणि ऐकताना मला सारखं दार वाजल्याचा भास होत राहिला. एक पाहुणा बसतो न बसतो तोच दुसरा आत. गाणी वाईट नव्हती, पण घर कुणाचं ते विसरायला होत होतं.

उलट उदाहरणही आहे, आणि ते सिमांडेच्या जवळचं आहे. ज्या अल ग्रीनबरोबर हे लोक अमेरिकेत फिरले, त्यांनी 2008 मध्ये 'ले इट डाउन' केला. रूट्स या हिपहॉप बँडचा ड्रमर क्वेस्टलव्ह निर्मात्यांत होता, आणि गायला अँथनी हॅमिल्टन, कॉरिन बेली रे, जॉन लेजंड. तिथे कुणीही अल ग्रीनला तरुण करायला गेलं नाही. कॉरिन बेली रे ज्या गाण्यात आहे त्यात ती जवळपास कुजबुजते. ती काय म्हणते आहे ते ऐकायला आपण पुढे वाकतो आणि वाकल्यावर ऐकू येतो तो अल ग्रीनचा श्वास. मी ते गाणं किती वेळा ऐकलं असेल! पाहुण्याने असा यजमान आपल्या जवळ आणून द्यावा.

सेलेस्टने तेच केलं आहे.

तिच्याबद्दल दोन शब्द, ज्यांनी तिला ऐकलं नसेल त्यांच्यासाठी. जन्म कॅलिफोर्नियातला, 1994 चा. वडील जमेकन, आई इंग्लिश, वाढली ब्रायटनच्या बाजूला. 2020 मध्ये बीबीसीने वर्षातला सर्वांत आशादायक आवाज म्हणून तिला निवडलं, 2021 मध्ये तिचा पहिला अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. आवाज दाटसर, कडेला किंचित घोगरा. शब्दाच्या शेवटी ती थोडी हवा सोडते. मोठं गाता येत असूनही गळा आवरता घेऊन गाणाऱ्या थोड्या लोकांपैकी ती एक.

'ओन्ली वन वे'मध्ये तिने तो गळा आणखी आवरला आहे. आधी बेसला बोलू देते, मग आपण बोलते. मी ते गाणं बाकावर तीनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की मी तिच्या जागा मोजते आहे, ती कुठे गात नाही ते. आमच्या कामात नवशिक्या दुभाष्याला सगळ्यात अवघड जातं ते हेच. साक्षीदार वाक्याच्या मधेच थांबला तर आपणही थांबायचं. त्याची शांतता भरून काढायची नाही. तो रडत असेल तर आपण रडायचं नाही, पण सपाट, कोरडंही बोलायचं नाही. अमुक इतका ओलावा असं मोजून सांगता येत नाही, वर्षं जातात तेव्हा कळतं. तिशीच्या आसपासच्या या मुलीला ते कुठून कळलं, मला सांगता येणार नाही. मी फक्त एवढं ऐकलं की ती 'मी' म्हणते तेव्हा मला बॅलहॅममधली ती 1971 ची मुलं ऐकू येतात, आणि त्याच वेळी तीही ऐकू येते, पुसली न जाता. ताठ बसले ती यामुळे.

तिचे वडील जमेकन आहेत याला मी महत्त्व द्यावं की नाही, यावर बरेच दिवस विचार केला. रक्तातून ठेका येतो असलं काही मी मानत नाही. पण सिमांडेच्या पिढीने इथे जे सोसलं, त्याचं पुढचं पान ती आहे, हे खरं आहे. ज्या देशाच्या रेडिओने त्यांना जागा दिली नाही, त्याच देशाच्या बीबीसीने तिला पुढे आणलं. आणि पुढे आल्यावर ती मागे वळून या म्हाताऱ्यांच्या मधे येऊन उभी राहिली. मला हे फार मोलाचं वाटतं.

जॅझी बी हा वेगळाच पाहुणा. तो गायक नाही, बोलणारा माणूस आहे, साउंड सिस्टिमवर, म्हणजे मोठे स्पीकर लावून रेकॉर्डी वाजवणाऱ्या मंडळींत, माइक धरून वाढलेला. जन्म 1963 चा, लंडनमधला, घराणं अँटिग्वाचं. सिमांडेची पहिली एलपी आली तेव्हा हा नऊ वर्षांचा. पुढे त्याने सोल टू सोल हा गट उभा केला. कॉव्हेंट गार्डनच्या आफ्रिका सेंटरमध्ये रविवारच्या रात्री त्यांची साउंड सिस्टिम लागायची. ऐंशीच्या दशकात लंडनमध्ये 'रेअर ग्रूव्ह' नावाचं वेड पसरलं होतं. पायरेट रेडिओवर, गोदामांतल्या पार्ट्यांत लोक सत्तरच्या दशकातल्या विसरलेल्या फंक आणि सोल रेकॉर्डी शोधून शोधून वाजवत. सिमांडेला त्याच्या स्वतःच्या शहरात कुणी जिवंत ठेवलं असेल तर या लोकांनी. त्यांच्याकडे परवाने नव्हते, पेट्या भरून तबकड्या होत्या.

आणि एक गोष्ट मला इथे सांगायलाच हवी. 1989 मध्ये सोल टू सोलची दोन गाणी जगभर गाजली, 'कीप ऑन मूव्हिन' आणि 'बॅक टू लाइफ'. दोन्हींत आवाज कॅरन व्हीलरचा. म्हणजे जॅझी बी आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवाजाला घर देणारा माणूस. घर कसं द्यायचं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला पाहुणा म्हणून कसं वागायचं हेही ठाऊक असतं. 'हाउ वी रोल'मध्ये तो आपल्या नेहमीच्या भारदस्त, सावकाश लयीत येतो आणि मला वाटतं तो प्रेक्षकांशी कमी आणि बँडशी जास्त बोलतो. तुमच्या रेकॉर्डी आम्ही वाजवल्या, वाया गेल्या नाहीत, असं काहीतरी मला त्याच्या सुरात ऐकू येतं. शब्द ते नाहीत, सूर तो आहे.

अल्बममधलं सगळंच मला सारखं आवडलं असं नाही. काही ठिकाणी व्हायोलिनं जरा जास्त दाट झाली आहेत, ढोलांवर दुलई पडल्यासारखी. 1972 च्या रेकॉर्डवर खोलीतली हवा ऐकू येते, कुणीतरी खुर्ची सरकवेल असं वाटत राहतं. इथे सगळं स्वच्छ आहे. 'कोलट्रेन' हे नावाप्रमाणे जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेनला वाहिलेलं गाणं मला अजून थोडं मोकाट सोडलेलं आवडलं असतं. पण 'रोड टू झायन' लागलं की तक्रार संपते. झायन म्हणजे रास्ताफारींची वचनभूमी; पहिल्या अल्बमची सुरुवात 'झायन वन'ने झाली होती. त्रेपन्न वर्षांनी तीच वाट, आणि आता ती वाट म्हणजे काय हे गाणाऱ्यांना चालून कळलेलं आहे.

त्या शुक्रवारी शेवटी आत बोलावणं आलं. मी इअरफोन काढले, शपथ घेतली आणि दुपारपर्यंत एका आजोबांचा 'मी' बोलत राहिले. मालमत्तेचा वाद होता, त्याबद्दल अधिक लिहिता येणार नाही. ते मधेच थांबायचे, खिडकीकडे बघायचे. मीही थांबत होते.

एलपी रविवारी आणली. काकांना बोलावलं. ते आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात, रस्ता ओलांडायलाही वेळ लागतो. पण आले, आणि काखेत पिशवीत घालून आपली 1972 ची ब्रुकलिनवाली एलपी घेऊन आले. का आणली ते सांगितलं नाही. मी त्यांना स्पीकरजवळची खुर्ची दिली. ते गाणं ऐकताना डावा हात स्पीकरच्या लाकडावर ठेवतात. कान कमी झाल्यापासूनची सवय. म्हणतात, बेस हातालाच जास्त चांगला कळतो.

पहिली दोन गाणी ते काही बोलले नाहीत. तिसरं लागलं तसे वळले.

'ही कोण पोरगी?'

मी सांगितलं. ब्रायटन, जमेकन वडील, नाव सेलेस्ट. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि पुन्हा लाकडावर ठेवला. गाणं संपलं. पुढचं सुरू व्हायच्या आत म्हणाले, 'सुई मागे ठेव.'

मी ठेवली. या वेळी त्यांची बोटं लाकडावर हलत होती, बेसबरोबर. तिचा आवाज यायच्या थोडं आधी बोटं थांबायची, ती गाऊन थांबली की पुन्हा सुरू व्हायची. त्यांनी ते दोन ओळींत ओळखलं होतं, मला कोर्टाच्या बाकावर तीनदा ऐकावं लागलं होतं.

'ती स्टीव्हसाठी थांबते आहे,' ते म्हणाले. सिपिओंना ते नेहमी स्टीव्हच म्हणतात. दोघांची ओळख नाही, पण जॉर्जटाउनच्या माणसाला त्याची गरज वाटत नाही. 'आमच्या वेळी कुणी थांबलं नाही गं.'

मी काही बोलले नाही. दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर त्यांनी पिशवीतून जुनी एलपी काढली आणि माझ्या हातात दिली. कव्हराची एक कड फाटून चिकटपट्टीने जोडलेली आहे, ती चिकटपट्टीही आता पिवळी पडली आहे. कुठलं लावू, असं विचारायची गरज नव्हती. मी 'डव्ह'वर सुई ठेवली. त्यांनी माझा हात धरून स्पीकरच्या लाकडावर, आपल्या हाताशेजारी ठेवला. आधी ढोल आले. मग गिटार. मग खालून तो बेस वर आला, आणि तो खरोखरच हाताला आधी कळला.